दुसरं इंजेक्शन : गोडबोले प्रकरणातला एक दिवस

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. तो आणि त्याची आई राहत होते ते घर किनाऱ्यापासून दीड मैलावर. बाज आणून त्याला घरी न्यायचं, यात बराच वेळ गेला. गावातले डॉक्टर पोचले तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. तीन दिवसांनी, ९ मेच्या रात्री नऊ वाजता, पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात त्या मुलाचा मृत्यू झाला. आई जवळ होती. वडील दौंडला परत गेले होते, कारण मुलगा सात वाजेपर्यंत गुंगीतून बाहेर येईल असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

वडील, त्र्यंबक बापू गोडबोले, स्वतः डॉक्टर होते. आईवडिलांनी त्या रुग्णालयाच्या डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावला. खालचं न्यायालय, मग मुंबई उच्च न्यायालय, आणि शेवटी २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालय. तिन्ही ठिकाणी निकाल त्यांच्या बाजूनं लागला. भरपाई होती ३,००० रुपये. मृत्यूपासून शेवटच्या निकालापर्यंत पंधरा वर्षं गेली. कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावानं आहे.

मी भूलशास्त्र शिकवते. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे तास सक्तीचे झाले, तेव्हापासून दर बॅचला मी हे प्रकरण घेते. मुलांना त्यातलं एक वाक्य परीक्षेपुरतं आधीच पाठ असतं : डॉक्टरची रुग्णाप्रती तीन कर्तव्यं असतात. हा रुग्ण आपण घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कोणता उपचार द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणं, आणि तो उपचार काळजीपूर्वक करणं. वाक्य पाठ असतं, दिवस माहीत नसतो. म्हणून मी दिवसच उलगडत बसते.

सुरुवात पालशेतपासून करायची. गावातल्या डॉक्टरांनी त्या रात्री केलं काय? पायाला लाकडी फळ्या बांधल्या, पाय हलू नये एवढंच पाहिलं. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तपासलं. मुलाची तब्येत बरी होती, तरी पुण्याला हलवा असं सांगितलं. पण लगेच निघाले नाहीत. ८ तारखेला त्यांनी मॅकिन्टायर स्प्लिंट, म्हणजे मोडलेला पाय स्थिर ठेवणारी चौकट, मिळवली, पाय तिच्यात नीट बसवला, आणि मग टॅक्सी बोलावली. मध्यरात्र उलटल्यावर ती टॅक्सी निघाली. मुलगा रेललेला, सोबत आई, आणि सोबत ते डॉक्टर स्वतः. सुमारे दोनशे मैल, म्हणजे तीनशेवीस किलोमीटर. मे महिना, १९५३ सालचे रस्ते, वाटेत घाट. दुपार होण्याच्या सुमाराला ते पुण्यात पोचले.

निकालात हा भाग चार-पाच ओळींत संपतो, कारण त्या डॉक्टरांवर कुणाचा आरोपच नव्हता. मला मात्र पहिलं कर्तव्य म्हणजे काय हे सांगायला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. हे हाड बसवणं आपल्या हातचं नाही, हे त्यांनी ओळखलं. आपल्या हातचं जे होतं, पाय स्थिर ठेवणं, ते साधन मिळेपर्यंत थांबून चांगलं केलं. आणि रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठी देऊन मोकळे झाले नाहीत, रात्रभर त्याच्याबरोबर बसून गेले. मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत लिटरभर किंवा त्याहूनही जास्त रक्त साठू शकतं. पाय मोकळा हलत राहिला तर रक्तस्राव वाढतो, वेदना वाढतात, धक्क्याचा, म्हणजे शरीराचा रक्तपुरवठा कोसळण्याचा (शॉक), धोका वाढतो. पहिल्या महायुद्धात थॉमस स्प्लिंट, म्हणजे अशाच कामाचं दुसरं साधन, सर्रास वापरायला लागल्यावर मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले, ते याच कारणानं. आज आमच्याकडे तालुक्याहून १०८ नं येणारे किती रुग्ण नुसत्या पुठ्ठ्यावर, गॉजनं गुंडाळलेले येतात ते कॅज्युअल्टीत एक रात्र काढली तरी दिसतं.

पुण्यात वडील दौंडहून येऊन थांबले होते. मुलाला आधी ताराचंद रुग्णालयात नेलं. तिथं पाय क्ष-किरणांखाली पाहिला : हाडाची टोकं एकमेकांवर चढली होती, पिन घालून ओढ द्यावी लागणार होती. तिथून त्याला डॉ. जोशींच्या रुग्णालयात आणलं. ते तिथं नव्हते. सव्वादोन वाजता सहायक डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. थोड्या वेळानं डॉ. जोशी आले, तपासलं, आणि सहायकाला सांगितलं की मॉर्फिया (वेदनाशामक मॉर्फिन) एक अष्टमांश ग्रेन आणि हायोसिन (गुंगी आणणारं औषध) एक दोनशांश ग्रेन अशी दोन इंजेक्शनं तासाच्या अंतरानं द्या.

सहायकानं एकच दिलं.

हे ग्रेन आजच्या मुलांना कळत नाहीत, म्हणून फळ्यावर हिशोब मांडते. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. त्याचा आठवा भाग म्हणजे ८ मिलिग्रॅम मॉर्फिन. दोन्ही इंजेक्शनं मिळाली असती तर १६. मिळालं एक, म्हणजे ८. वीस वर्षांच्या तरुणाच्या दुखऱ्या पायाला थोडा आराम पडावा एवढा हा डोस आहे. मांडीच्या हाडाची टोकं ओढून जागेवर आणण्यासाठी तो अजिबात पुरेसा नाही. मांडीचे स्नायू शरीरातल्या सर्वात ताकदवान स्नायूंपैकी. हाड मोडलं की ते आखडतात, टोकं एकमेकांवर चढवतात. त्यांना सैल करायला भूल लागते. भूल नसताना ओढायचं तर जोर लावावा लागतो, आणि त्या जोराची प्रत्येक कळ रुग्णाला समजते.

पुढचा तास हा सगळ्या खटल्याचा गाभा. तळमजल्यावर दोन एक्सरे काढले, मग वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. तासाहून थोडा अधिक वेळ मुलगा आत होता. साडेपाचच्या सुमाराला पाय प्लास्टरच्या आधारात घालून त्याला खोलीत आणलं. आत काय झालं याच्या दोन हकिकती न्यायालयापुढे आल्या. आईवडिलांचं म्हणणं : भूल न देता, फक्त मॉर्फियावर, तीन माणसांच्या मदतीनं जोर लावून पाय ओढला, हाड बसवायचा प्रयत्न केला, आणि त्याच धक्क्यानं मुलगा गेला. डॉक्टरांचं म्हणणं : हाड बसवायचं काम आम्ही पुढे ढकललं होतं, लांबच्या प्रवासानं मुलगा थकलेला होता, म्हणून त्या दिवशी हलकी ओढ देऊन पाय फक्त स्थिर केला, त्याला भूल लागत नाही.

मी इथं वर्गाला थांबवते आणि विचारते, यातला कोणता उपचार बरोबर? मुलं गोंधळतात, कारण उत्तर त्यांना अपेक्षित नसतं. डॉक्टरांनी बचावात सांगितलेला उपचारच बरोबर होता. रात्रभर प्रवास केलेला, रक्त गेलेला, शरीरातलं पाणी कमी झालेला मुलगा. १९५३ मध्ये अशा रुग्णाला पूर्ण भूल देणंही जोखमीचं. त्या दिवशी पाय स्थिर ठेवायचा, सलाईन-रक्ताची सोय करायची, वेदना आटोक्यात आणायच्या आणि एक-दोन दिवसांनी भूल देऊन हाड बसवायचं, हा विचार आजही कुणी चुकीचा म्हणणार नाही. म्हणजे काय करायला हवं होतं यावर खटल्यात खरा वाद नव्हता. वाद होता प्रत्यक्षात काय केलं यावर. साक्षीपुरावे तपासून न्यायालयांनी ठरवलं की ‘स्थिर केलं’ या नावाखाली हाड बसवायचाच प्रयत्न झाला, तोही भूल न देता आणि जास्त जोर लावून. दोन न्यायालयांनी एकमतानं काढलेला हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवला.

कायद्याची कसोटी निकालात फार संयमानं मांडली आहे. न्यायमूर्ती शेलत यांनी म्हटलं की डॉक्टरनं वाजवी कौशल्य, वाजवी ज्ञान आणि वाजवी काळजी आणली पाहिजे. अत्युच्च दर्जाची अपेक्षा कायदा करत नाही आणि अगदी हलका दर्जाही चालवून घेत नाही. उपचार निवडण्याचं स्वातंत्र्य डॉक्टरला आहे, आणीबाणीत ते आणखी मोठं असतं, हेही त्यात आहे. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात फौजदारी हलगर्जीपणाची मर्यादा ठरवताना सर्वोच्च न्यायालयानं या निकालाचीही चर्चा केली. डॉक्टरांच्या बैठकीत हा निकाल डॉक्टरविरोधी म्हणून सांगितला जातो, ते मला पटत नाही. त्यातली कसोटी आपल्याला जितकी बांधते तितकीच सांभाळतेही.

आता मृत्यूच्या कारणाकडे येते. इथं माझा वर्ग नेहमी पेटतो.

साडेसहाच्या सुमाराला आईच्या लक्षात आलं की मुलाला श्वास घ्यायला त्रास होतोय, खोकला येतोय. सहायकानं डॉ. जोशींना बोलावलं. नऊ वाजेपर्यंत धावपळ चालली होती. मृत्यूनंतर डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं : फॅट एम्बोलिझम, म्हणजे मोडलेल्या हाडाच्या मज्जेतल्या चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात अडकणं. न्यायालयांनी हे मानलं नाही. मृत्यू धक्क्यानं झाला आणि ते झाकण्यासाठी चरबीची कल्पना पुढे केली गेली, असा निष्कर्ष निघाला.

ऑर्थोत जायची स्वप्नं असलेला एखादा मुलगा हटकून उठतो. ‘मॅडम, मांडीचं हाड, तरुण मुलगा, तिसरा दिवस, अचानक धाप. हे तर पुस्तकातलं फॅट एम्बोलिझम आहे.’ त्याचं चूक नाही. लांब हाडांच्या फ्रॅक्चरनंतर साधारण एक ते तीन दिवसांत ही गुंतागुंत दिसते, आणि अपघातापासून धाप लागेपर्यंत जवळपास बहात्तर तास झाले होते. वैद्यक म्हणून मी ही शक्यता आजही पूर्णपणे पुसून टाकणार नाही. मग मी त्याला विचारते : समज तुझं बरोबर आहे. त्या रात्री नऊ वाजता तुला हे नक्की माहीत होतं का? छातीवर, काखेत बारीक लाल ठिपके दिसले का? मुलगा आधी गोंधळल्यासारखा झाला होता का? आणि दुपारी त्या पायाला जोर लावून ओढ दिलेली असेल, तर तू दाखल्यावर चरबी लिहिशील आणि ओढ लिहिणार नाहीस?

तिथं तो गप्प होतो. पटलेलं असतं असं नाही, पण पेच कळलेला असतो. एखादं कारण शक्य असणं वेगळं आणि ते लिहून सही करणं वेगळं. जे घडलं त्यातला आपला भाग गाळून उरलेलं लिहिलं, तर लिहिलेलं खरं असलं तरी त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. या प्रकरणात हेच झालं. आत काय केलं याची हकिकत न्यायालयाला पटली नाही, आणि तिच्याबरोबर दाखल्यावरचं कारणही बुडालं. ते खरं होतं की नव्हतं, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

दुसऱ्या इंजेक्शनकडे परत येते, कारण माझ्या मुलांची जागा तिथं आहे. इंटर्न म्हणून, रेसिडेंट म्हणून त्यांना पुढची चार-पाच वर्षं सहायकाच्या खुर्चीत बसायचं आहे. सरांनी दोन सांगितली, तुम्ही एक दिलं. कारण काहीही असेल : रुग्ण गुंगीत वाटला, दुसरीकडे बोलावणं आलं, एक्सरेची घाई झाली. प्रश्न एवढाच, थिएटरमध्ये सरांनी हात लावायच्या आधी त्यांना सांगाल का? वर्गात सगळे ‘हो’ म्हणतात. मग मी त्यांना वॉर्डात काय चालतं ते आठवायला लावते. राउंडला सर विचारतात, ‘दिलं ना रे?’ आणि आपण म्हणतो, ‘हो सर, दिलं.’ पुढे डोस आणि वेळ कुणी विचारत नाही. केसपेपरवर दोन्ही वेळा आधीच लिहून ठेवलेल्या असतात, कारण सिस्टरचा तक्ता पूर्ण दिसायला हवा. हे मी पाहिलं आहे, आणि रेसिडेंट असताना एकदा स्वतः केलंही आहे. मी शिकत होते त्या रुग्णालयात रात्रीच्या ड्युटीला दोन वॉर्डांना आम्ही दोघी असायचो. एका आजोबांचं पहाटेचं वेदनाशामक राहून गेलं आणि सकाळी मी वेळ टाकून सही केली. आजोबांना काही झालं नाही. पण सकाळी त्यांचं ड्रेसिंग करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला ते इतके का ओरडताहेत हे कळेना, आणि तिच्या शेजारी उभी राहून मीही सांगितलं नाही. ती सही मी अजून विसरलेली नाही.

नोंद कशासाठी ठेवायची, असं विचारलं की मुलं म्हणतात, ‘कोर्टात उपयोगी पडते.’ पडतेच. १९९५ मध्ये शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, तेव्हापासून केसपेपर हाच पहिला साक्षीदार झाला. २००२ च्या आचारसंहितेत दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि मागितली तर ७२ तासांत द्यायची असं आहे. खोटा किंवा दिशाभूल करणारा दाखला देणं हे गैरवर्तन धरलं आहे आणि त्यासाठी नोंदवहीतून नाव जाऊ शकतं. हे सगळं मी सांगते. पण पालशेतहून आलेल्या त्या मुलाला कोर्टाचा काही उपयोग नव्हता. ‘दुसरं इंजेक्शन दिलेलं नाही’ ही ओळ त्या दुपारी चार वाजता वरच्या मजल्यावर पोचली असती, तर उपयोग झाला असता.

वडिलांना दिलेल्या आश्वासनाबद्दलही थोडं. सात वाजेपर्यंत गुंगी उतरेल, हे ऐकून ते दौंडला गेले. आपण सगळेच हे करतो. नातेवाइकांना धीर द्यायचा असतो, खोलीतली गर्दी कमी करायची असते, आणि समोरचा डॉक्टर असेल तर आपण जास्तच सैल बोलतो : ‘काही काळजी करू नका, डॉक्टर, जा तुम्ही.’ वडील थांबले असते तर मुलगा वाचला असता असं मी म्हणत नाही. पण आईच्या जोडीला खोलीत श्वास मोजणारा आणखी एक माणूस असता. आणि पुढची पंधरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढताना आपण निघून आलो हे त्या माणसानं रोज आठवलं असेल, याबद्दल मला शंका नाही. धीर देताना वेळेचा आकडा देऊ नये. ‘सात वाजता मी स्वतः येऊन बघतो’ हे म्हणता येतं, आणि मग यावं लागतं.

तासाच्या शेवटी मी फॉर्म चारच्या झेरॉक्स वाटते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, म्हणजे या निकालानंतरच्या वर्षाचा. रुग्णालयातल्या मृत्यूचं कारण त्याखाली याच फॉर्मवर प्रमाणित करतात. वर तात्काळ कारण, त्याखाली त्याला कारणीभूत झालेलं, सर्वात खाली मूळ कारण. या मुलाचा फॉर्म भरा, एवढंच सांगते. निम्म्याहून अधिक मुलं पहिल्या ओळीत ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहितात, जे कारण नव्हेच. प्रत्येक माणूस हृदय आणि श्वास थांबूनच मरतो. काही फॅट एम्बोलिझम लिहितात, काही शॉक. मूळ कारणात ‘फ्रॅक्चर फीमर’ बहुतेकांना सुचतं. भूल न देता ओढ दिली, हे लिहायला फॉर्मवर जागा कुठे, असं एक-दोघं विचारतात, आणि मला ते आवडतं.

गेल्या बॅचमध्ये मागच्या बाकावरच्या एका मुलीनं फॉर्म कोराच ठेवला होता. मला वाटलं तिचं लक्ष नव्हतं. विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, किनाऱ्यावर अपघात झाला होता ना? मग आपण हा भरायचाच नाही. एमएलसी, म्हणजे मेडिकोलीगल केस, करायची, पोलिसांना कळवायचं, पोस्टमॉर्टेमला पाठवायचं. कारण ते लिहितील.’

वर्गात कुजबुज झाली. शेजारच्या मुलानं आपला भरलेला फॉर्म हळूच उलटा ठेवला.

‘आणि आपण काय लिहायचं?’ मी विचारलं.

‘आपण केसपेपर लिहायचा,’ ती म्हणाली. ‘काय काय दिलं, किती वाजता, आणि काय द्यायचं राहिलं.’